हेल्ड अप चाळीसगाव

—नाव तेवढं विचारू नका, जमादारसाहेब. म्हणजे विचारा, विचारणं तुमचं कामच आहे, पण मी घेणार कशी? नवऱ्याचं नाव मी आजवर एकदाच घेतलंय, लग्नात, तेही उखाण्यात, आणि त्या उखाण्यातही सासूबाईंनी चूक काढली होती. असं करू — पोपट असतो ना पोपट, त्याला हिंदुस्थानी लोक काय म्हणतात? — हां, तेच. आता त्याच्यापुढे अयोध्येचा राजा जोडा. जोडलात? झालं नाव. आडनाव चौधरी, ते सांगायला हरकत नाही, ते माझंही आहे. जळगावला मास्तर आहेत, हायस्कुलात इंग्रजी शिकवतात, अंगानं किरकोळ, काळी टोपी, डाव्या भुवईवर व्रण — तो लहानपणी केळीच्या बागेत विळा लागला त्याचा आहे, मारामारीतला नाही, हे आधीच सांगते. तर ते सकाळपासून तुमच्या कोठडीत आहेत आणि मी त्यांना सोडवायला आलेय. सोडवायला म्हणजे — भेटायला. आधी भेटू द्या, मग सोडवायचं बघू.

बसते. बसले. पाणी नको मला, हिला द्या घोटभर. कुंदा नाव, दहा महिन्यांची आहे. कुंदा, सोड तो बिल्ला, जमादारांचा आहे तो — पितळेचं काही दिसलं की हिला तोंडातच हवं असतं, घरातले देव मी वरच्या फळीवर ठेवलेत ते ह्याच्यामुळे. आणि माझ्याकडे असं बघू नका, हा कापूस आहे. डोक्याला, पदराला, सगळा कापूसच. आमच्या शेजारच्या धुरपदाबाईंचे भाऊ जिनिंगची लॉरी घेऊन इकडे येत होते, त्यांच्या गठड्यांवर बसून आले पाचोऱ्यावरून, साडेचार तास. गाडीनं का नाही आले? गाडीनं येऊ नको असं तारेतच होतं म्हणून. रस्त्याकडनं उतरले ती थेट तुमच्या ह्या स्टेशनातल्या चौकीत, फलाटाचं तोंडसुद्धा बघितलं नाही.

कोणी सांगितलं धरलंय म्हणून? त्यांनीच. ही तार. घ्या, वाचा. ओली आहे थोडी, वाटेत हिनं चोखली. हेल्ड अप चाळीसगाव, डोन्ट वेट अप, आणि खाली ते अयोध्येवाले. दुपारी बाराला आली. तारवाल्यानं दारात हाक दिली आणि माझ्या हातातली परात पडली — तार म्हणजे काही चांगलं कळवायला येत नाही, चांगल्याला पोस्टकार्ड पुरतं. मी वाचली. एकदा, दोनदा. हेल्ड म्हणजे धरला, ह्यात शंका नाही, होल्ड धरणे, हेल्ड धरला, तिसरीच्या पुस्तकात आहे. चाळीसगावला धरला. राहिला मधला अप. आता हा अप कोणता? मी चुलीपुढे बसून विचार केला. एक तर मुंबईकडे जाते ती अप गाडी. पण हे गेले होते धुळ्याला, येणार परत जळगावला, म्हणजे चाळीसगावला बदलून डाउननं. अपमध्ये ह्यांचं काय काम? मुंबईला निघाले होते की काय मला न सांगता? आणि मग एकदम लक्षात आलं — लॉकअप. लॉकअपमधला अप हो. तारेत शब्द वाचवतात ना, म्हणून लॉक गाळला. धरला, चाळीसगावच्या लॉकअपमध्ये. किती सरळ होतं, आणि मी बसले होते गाड्या मोजत. पुढचं तर उघडच — डोन्ट वेट अप, अपची वाट पाहू नको. म्हणजे गाडीसाठी खोळंबू नको, मिळेल त्यानं निघ. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, कोनं धरलं वं त्याले? मी म्हटलं, सरकारनं. त्या भाकरी बांधायला उठल्या. त्याले आंधी खाऊ घालजो, म्हणाल्या, मंग बाकीचं. ह्या बघा भाकऱ्या, चार आहेत. तुम्ही जेवलात का?

एक कबूल करते, माझं इंग्रजी अर्धंच आहे. धुळ्याला मुलींच्या शाळेत होते, मराठी सातवी झाले, इंग्रजी तीन यत्ता झाल्या आणि लग्न ठरलं. पुढचं ह्यांनी शिकवायला घेतलं. ह्यांचं म्हणणं असं की इंग्रजी भाषेचा जीव क्रियापदात नाही, त्याच्या शेपटीत आहे. शेपटी बदलली की जनावर बदललं. म्हणून एकेक शेपटी घ्यायची आणि संपवायची. पहिली घेतली अप. रोज एक, अक्षरवारीनं, मी भाकरी थापायची आणि हे उंबऱ्यावर बसून सांगायचे. एमध्ये ॲड अप, बेरीज जुळणे. बीमध्ये बेअर अप, म्हणजे सोसून ताठ राहणे — हा माझा एका दिवसात पाठ झाला. सासूबाई परसातून आत यायला लागल्या की मी मनातल्या मनात म्हणायचे, बेअर अप, प्रमिला, बेअर अप. मग ब्लो अप, सुरुंग लावून उडवणे — नाही, नाही, साहेब, शब्द फक्त. अक्षरवारीत मध्येच येतो तो, त्याला आम्ही काय करणार? बेअर झाला की ब्लो, ब्लो झाला की ब्रेक. आम्ही तो नुसता म्हटला आणि पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी त्याची उजळणीसुद्धा केली नाही.

पण माझं डोकं ह्या अपनं कायमचं फिरलं. अप म्हणजे वर, एवढं मला येत होतं. गेट अप, ऊठ, वर हो — जुळलं. ग्रो अप, वाढणे — तेही वरच. पण गिव्ह अप? वर द्या? तर म्हणे सोडून द्या. ईट अप, सगळं खाऊन संपवा. ड्राय अप, आटणे. मी विचारलं, विहिरीचं पाणी आटतं तेव्हा वर येतं का खाली जातं? तर म्हणाले, प्रश्न चांगला आहे. मास्तरांना उत्तर येत नसलं की प्रश्न चांगला असतो. आणि तुमच्या स्टेशनवर तरी काय निराळं आहे? मुंबईला जायचं तर घाट उतरून खाली जायचं, तरी ती गाडी अप. असल्या शब्दावर माणसानं भरवसा ठेवावा कसा? तरी नेटानं जीपर्यंत पोचलो आम्ही. गिव्ह, गो, ग्रो. दुसऱ्या दिवशी एच सुरू व्हायचा, आणि कुंदा झाली. मग कुठला एच आणि कुठलं काय. एच राहिला तो राहिलाच —

अगं, अगं, अगं. जमादारांच्या कागदावर. थांबा, थांबा, पदरानं पुसते, कापूस लागेल थोडा पण शाई शाबूत आहे. पाणी जास्त झालं वाटतं. ह्यालाच इंग्रजीत ब्रिंग अप म्हणतात, जमादारसाहेब, आणि ह्या शब्दानं माझी जी शोभा झाली ती आता झालीच आहे तर सांगते. हिला तीन महिन्यांची असताना मिशनच्या दवाखान्यात नेली होती. तिथे एक गोरी नर्सबाई. तिनं हिला उलटी केली, सुलटी केली आणि मला विचारलं, डज शी ब्रिंग अप? ब्रिंग अप मला येत होता. संगोपन करणे. ह्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितला होता, लेकराला वाढवणे, चांगलं वळण लावणे. मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, येस, आय ब्रिंग अप. ती म्हणाली, यू? मी म्हटलं, येस. मदर-इन-लॉ ऑल्सो. तिनं आम्हा तिघींना औषध लिहून दिलं. ओकणे हा अर्थ ह्यांनी सांगितलाच नव्हता. घरी येऊन रडले मी आधी, मग हसले. आता वाटतं, वाढवणं आणि ओकणं ह्यांना एकच शब्द ज्यानं ठेवला त्याच्या घरात तान्हं मूल असणार. पहिल्या वर्षात त्यात निराळं काय असतं? मला अजून कळत नाही मी हिला वाढवते आहे की नुसती पुसते आहे. चांगल्या आया अशा लेकराला घेऊन कापसाच्या गठड्यांवर बसत नाहीत. पण घरी ठेवून येणार कशी, अंगावर पिते ती.

तर मुद्दा. मुद्दा असा की ह्यांनी काही केलेलं नाही. धुळ्याला कशाला गेले होते? वांगी द्यायला. आमची भरिताची वांगी, तुम्हाला सांगायला नको, धुळ्याला ती चव नाही. करंडीभर वांगी, एका मित्राला. दर शनिवारी नेतात. — हो, दर शनिवारी. मित्राला वांगी आवडतात. — एकटाच असतो तो, बायको बाळंतपणाला गेली आहे. — एकटा माणूस आठवड्याला करंडीभर वांगी कशी खाईल? आता ते मी कसं सांगू, सुकदेवभाऊंनाच — नाही, नाव सुकदेव नाही. नावच नाही त्यांना. हे बघा, तुम्ही करंडी उघडली असेल तर तुम्हाला दिसलंच असेल, वांगी होती. वरचा थर तरी सगळा वांग्यांचाच होता, मी स्वतः रचला, देठ बाहेर काढून, म्हणजे कोणी हात घातला तर काटे लागावेत. काटे का लागावेत? ते — ताजी राहतात तशी. आणि खालचे कागद वांग्यांना दव लागू नये म्हणून घातलेले असतात. कागदावर काहीतरी असतंच, साहेब, कोरा कागद हल्ली मिळतो कुठे, लढाई चालली आहे.

नाही, तुम्ही लगेच टोपीवर जाऊ नका. टोपी काळीच होती ना? ऑगस्टपासून काळीच घालतात ते. पांढरी मी घडी करून हिच्या दुपट्यात — धुवायला टाकली आहे. छापायचं यंत्रबिंत्र आमच्या घरी काही नाही. असतं तर आवाज झाला नसता का? आता हिला झोपवताना पाळणा कुरकुरतो, तेवढाच काय तो आवाज, आणि शेजारी विचारतात, एवढा वेळ पाळणा कसा हलतो हो तुमचा. पाळण्याखाली काही नाही. वर कुंदा, खाली काही नाही.

तुमच्या मिशांखाली काय चाललंय ते दिसत नाही मला. रागावला आहात. रागवा. मी बडबडते, मला ठाऊक आहे, भीती वाटली की मी बडबडते, लहानपणापासून. बरं, मग सरळच सांगते. मघापासून सरळ सांगायचं म्हणूनच आडवं बोलते आहे.

ते अक्षर त्यांचं नाही. तुमच्याकडे पत्रकं असतील तर काढा आणि पडताळून बघा. ह्यांचं अक्षर म्हणजे पांगलेल्या मुंग्या, फळ्यावर लिहून लिहून तसं झालंय. पत्रकातलं अक्षर गोल आहे, ओळी सरळ आहेत, आणि ण बघा, ण. त्याची दांडी खाली जाताना जरा डावीकडे वळते. तो ण माझा आहे. सातवीला सुवाच्य अक्षराचं बक्षीस मिळालं होतं मला, तांब्याचं फुलपात्र, अजून आहे. मेणकागदावर सळईनं लिहायचं म्हणजे हात हलका लागतो, ह्यांच्या हातून फाटायचा कागद, दोन फाटल्यावर मीच म्हटलं, द्या इकडे. त्यांनी नाही सांगितलं, मी म्हटलं. तेव्हा कायद्यानं गुन्हा लिहिणाऱ्याचा असतो की वांगी वाहणाऱ्याचा? तुम्हीच सांगा. आणा कागद, आत्ता ण काढून दाखवते.

त्यांना दमा आहे, नाना. — नाना म्हटलं तर चालेल ना? माझ्या वडलांच्या वयाचे आहात. — थंडी सुरू झाली की रात्र रात्र भिंतीला टेकून बसतात. तुमची फरशी गार असणार. महिनाभर तिथे काढला तर माणूस परत यायचा नाही, आणि हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, मीच घाबरलेली आहे. मी धडधाकट आहे. मला धरा आणि त्यांना सोडा. एवढंच की ही माझ्याबरोबर येईल. अंगावरचं मूल आईजवळ ठेवू देतात असं ऐकलंय, खरं ना? दूध तुटेपर्यंत. नंतर सासूबाई आहेत. त्या मला बोलतात, पण हिला नाही बोलायच्या.

काय? — रिकामी? कोठडी रिकामी आहे? — परवापासून कोणी नाही? मग कुठे नेलंत त्यांना? धुळ्याला? नाशिकला? नाना, हिच्याकडे बघून सांगा. — कुठे बघू? खिडकीतून? — हो, फळा आहे. गाड्यांचा. खडूनं लिहिलंय. वाचू कशाला, मी तुम्हाला माणसाचं विचारते आहे आणि तुम्ही मला गाड्या — बरं, वाचते. डाउन पॅसेंजर. हेल्ड अप. नांदगाव. मिलिटरी स्पेशल.

म्हणजे गाडीलाही धरलं?

गाडीनं काय केलं होतं? — का हसता? गाडीला कशाला धरतील, गाडीला कोण कोठडीत घालेल, एवढी मोठी कोठडी —

…खोळंबली.

गाडी खोळंबली आहे. लष्कराची गाडी पुढे काढायची म्हणून नांदगावला उभी करून ठेवली आहे, आणि हे इथे तिची वाट बघत खोळंबले आहेत. हेल्ड अप म्हणजे खोळंबा. अग आई. साधा खोळंबा. आणि वेट अप? — जागत बसू नको? एवढंच? रात्र होईल, जागत बसू नको, असं मायेनं कळवलं माणसानं, आणि मी पाचोऱ्यावरून —

मग ते आहेत कुठे? — त्या बाकावर? कडुलिंबाखालच्या? — अगबाई, हो की. ते बघ, कुंदा, ते बघ, शेंगा सोलतायत. टरफलं टोपीत टाकतायत. त्यांच्या मागून तुमचा शिपाई चाललाय आणि ते त्याला शेंगासुद्धा देतायत, बघा. आणि करंडी पायाशी. रिकामी असेल आता. असावी. परत येताना तिच्यात काय असतं ते मला कधी — रिकामी आहे, नाना, हलकी दिसते.

पण मग… मघापासून मी जे बोलले ते. ते मला वाटलं की तुम्हाला सगळं आधीच माहीत आहे, म्हणून. नाहीतर कशाला बोलले असते? वांगी तर खरीच आहेत. ण म्हणाल तर ण सगळेच काढतात, अख्ख्या महाराष्ट्रात ण आहे, डावीकडे पुष्कळांचा वळतो. फुलपात्र मला अक्षराचं नाही, गाण्याचं मिळालं होतं. मला गाता येत नाही, पण मिळालं. धुळ्याला आम्ही कोणाला ओळखत नाही. पाळणा जुना आहे. मी हे सगळं परत घेते, नाना, घेता येतं का? तोंडातून गेलेलं? ह्यांनी तारेतला एक शब्द वाचवला असता आणि नुसतं लेट म्हटलं असतं तर — नाही, ह्यांचा दोष नाही, दोष माझा, मी एचच्या आधी थांबायला नको होतं.

काय लिहिता? नाना, काय लिहिता तुम्ही? मघापासून टाक हातात नव्हता तुमच्या, मी बघत होते, आता का घेतलात? नाव तर मी दिलं, पोपट आणि — देवा, मीच दिलं, तेही कोडं घालून, म्हणजे विसरू नये. दाखवा. मला वाचू द्या, मग धरा. उलटं दिसतंय, फिरवा जरा. ‘एक बाई, कडेवर मूल, डाउन गाडी खोळंबल्याची चौकशी करण्यास आली. समज देऊन पाठवली.’

पुढे? — पुढे काही नाही? — आणि माझं नाव? वांगी? ते मेणकागदाचं —

—हो.

हा तुम्ही म्हणालात तो येतो मला. ह्याला एसपर्यंत शिकावं लागत नाही. शट अप. पण ह्यात तरी अप कशाला हो, नाना, शट म्हणजे बंद, तर मग बंद वर —

बरं. जाते.